मुलांना आपल्या वसईच्या संताची ओळख अशी करून द्या

आपण ठाणेकर, संत गोन्सालो गार्सिया तर शेजारच्या वसईचेच, म्हणून सुरुवात त्यांच्यापासूनच करा. रात्री रोझरी (जपमाळेची प्रार्थना) झाली की मोबाईलवर मॅप उघडा, आधी वसई दाखवा मग बोट सरकवत जपानच्या नागासाकीपर्यंत न्या, पोरं स्वतःच विचारतात एवढ्या लांब गेले कशाला? मग सांगा, तिथे जपानी शिकले, नंतर व्यापार केला, पुढे फ्रान्सिस्कन ब्रदर (संत फ्रान्सिस यांच्या धर्मसंघाचे धर्मबंधू) झाले आणि मिशनऱ्यांचे दुभाषी. 5 फेब्रुवारी 1597 ला 26 जणांना क्रुसावर मारलं त्यात तेही होते, लहानग्यांना इतकंच पुरे, जास्त वर्णन नको. 1862 ला संतपद मिळालं, भारतात जन्मलेले पहिले संत! फेब्रुवारीतल्या एखाद्या रविवारी घोडबंदर रोडने वसईला जा आणि किल्ल्यात ही गोष्ट मुलांनाच सांगायला लावा.