सगळेच ‘वॉरियर’ नसतात: इंग्रजीत लढवय्यांबद्दल लिहिताना या चुका टाळा

मराठीत ‘योद्धा’ म्हटलं की काम भागतं. तीच सवय इंग्रजीत नेऊन रोमन, जपानी, फ्रेंच अशा सगळ्यांना ‘वॉरियर’ करून टाकलं, की जाणकार वाचकाला लगेच खटकतं. हातातलं हत्यार बघून शब्द निवडला तरी फसगत होतेच. आधी विचारावं: हा माणूस लढायला आला कशामुळे? पगारापोटी, कुळामुळे, की गुलामीमुळे?

‘सोल्जर’ हा शब्द ‘सॉलिडस’ या रोमन सोन्याच्या नाण्याच्या नावावरून आला आहे, म्हणजे पगार त्याच्या मुळातच. पगार, तुकडी आणि वरून येणारा हुकूम असेल तर सोल्जर. लढणं हा टोळीतला मान असेल तर वॉरियर. ज्युलियस सीझरच्या फौजेतला माणूस सोल्जर, त्याच्यासमोर उभा ठाकलेला गॉल टोळीवाला वॉरियर. पण पगार घेतो म्हणून कोणी ‘मर्सिनरी’ होत नाही. मर्सिनरी परक्याच्या लढाईत पैशासाठी उतरतो. फ्रान्सच्या राजांनी भाड्याने घेतलेले स्विस भालाईत तसे होते. ऑटोमन सुलतानाच्या जॅनिसरींना पगार होता, तरी ते मर्सिनरी नव्हेत. ख्रिस्ती घरांतून सक्तीने उचललेली मुलं सुलतानाचीच गुलाम म्हणून वाढवली जात. त्यांना जॅनिसरीच म्हणावं.

सर्वांत जास्त घोटाळा ‘नाइट’चा. चिलखत आणि घोडा दिसला की लोक नाइट लिहून मोकळे होतात. नाइट ही पदवी आहे, ती द्यावी लागते. तसंच जड चिलखत घालून लढणारा कोणीही, पदवी असो वा नसो, तो ‘मॅन-अ‍ॅट-आर्म्स’. बहुतेक नाइट मॅन-अ‍ॅट-आर्म्स म्हणून लढत. पण प्रत्येक मॅन-अ‍ॅट-आर्म्स नाइट नसे. 1415 च्या अ‍ॅजिनकोर्टच्या लढाईत इंग्रजांचे मॅन-अ‍ॅट-आर्म्स पायी लढले, म्हणजे घोड्याची खूणही भरवशाची नाही. नक्की माहीत नसेल तर मॅन-अ‍ॅट-आर्म्स लिहा, चूक ठरणार नाही.

रोमचा सैनिक ‘लीजनरी’. ‘लीजनेअर’ म्हटलं की 1831 मध्ये स्थापन झालेलं फ्रान्सचं परदेशी सैन्य आठवतं. लीजनरी रोमन नागरिक असे. नागरिक नसलेले ‘ऑक्झिलियरी’त, म्हणजे सहायक फौजेत, जात आणि साधारण 25 वर्षांच्या चाकरीनंतर नागरिकत्व मिळवत. ‘ग्लॅडिएटर’ तर सैनिकच नव्हे, तो आखाड्यातला.

बंदूकवाल्यांत ‘मस्केटिअर’ आणि ‘रायफलमन’ यांची अदलाबदल करू नका. रायफलच्या नळीत आतून पिळदार खाचा असतात, मस्केटची नळी गुळगुळीत. सतराव्या शतकातल्या साध्या पायदळाला रायफलमन म्हणणं म्हणजे काळाची गल्लत.

व्याकरणातही खड्डे आहेत. ‘कॅव्हलरी’ म्हणजे अख्खं घोडदळ; एकट्याला कॅव्हलरीमन म्हणा. ‘ट्रूप’ म्हणजेही एक सैनिक नव्हे, तुकडी. आणि घाईत ‘कॅल्व्हरी’ टाइप झालं तर स्पेलचेक गप्प बसतो, कारण येशूला क्रुसावर चढवलं त्या टेकडीचं ते खरंखुरं नाव आहे.

काहीच कळत नसेल तर ‘फायटर’कडे धावू नका. त्यातून बॉक्सर नाहीतर लढाऊ विमान डोळ्यांसमोर येतं. सरळ ‘आर्म्ड मेन’ लिहावं.