कॉलेजचं आवार बांधताय? निदान या चुका तरी टाळा

गेली चोवीस वर्षं मी लातूर, बीड, धाराशिव, नांदेड या भागातल्या शिक्षणसंस्थांच्या इमारतींची कामं करतो. आराखडा काढतो, साइटवर उभा राहतो आणि इमारत वापरात आल्यावर दोन-तीन वर्षांनी पुन्हा जाऊन बघतो. ही शेवटची सवय आमच्या धंद्यात फार कमी जणांना आहे, म्हणून त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा होतात. संस्थाचालकांना उद्घाटनाची तारीख गाठायची असते, प्राचार्यांना नॅकची, म्हणजे कॉलेजचं मूल्यांकन करणारी कमिटी यायच्या आत काम उरकायचं असतं, आणि नव्या आर्किटेक्टला संगणकावरचं चित्र दाखवून मंजुरी घ्यायची असते. रोज सात-आठ तास तिथं काढणारं पोर या कुणाच्याच डोळ्यांसमोर नसतं. आवार चुकलं तर ते पोर तक्रार करत नाही, तास संपला की निघून जातं.

सावली शेवटी आठवणं

माझ्या मते ही सगळ्यांत मोठी चूक, आणि ती माझ्या हातूनही झाली आहे.

२०१३ साली लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजच्या दर्शनी भागाचं काम माझ्याकडं आलं. गेटमधून आत शिरलं की उजव्या हाताला दोन जुने कडुनिंब होते आणि त्यांच्याभोवती दगडमातीचा पार. कोपरे ढासळलेले, दगड निखळलेले. संस्थेला तिथं कमान, हिरवळ आणि मधोमध कारंजं हवं होतं. मी तसा आराखडा काढून दिला. झाडं तोडायची परवानगीही रीतसर काढली. करवत लागायच्या दिवशी तिथले शिपाई मामा माझ्याजवळ येऊन म्हणाले, "साहेब, पोरं रोज याच सावलीला बसायलेत, अन् तीच तोडायलाव तुम्ही. मग बसावं कुठं त्यांनी?" हिरवळीच्या कडेनं बाकडी टाकणार आहोत, असं मी त्यांना सांगितलं.

बाकडी टाकली. मार्च ते जून सकाळी अकरानंतर त्या सिमेंटला हात लावता येत नव्हता. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या साली कारंजं चालवणं कुणाच्या मनातही आलं नाही आणि हिरवळीची पार काडी झाली. पण खरं नुकसान वेगळंच होतं. त्या कॉलेजात बहुतेक मुलं खेड्यांतून यायची. सकाळच्या एसटीनं आठला उतरलेल्या मुलीचा पहिला तास अकराला. हे मधले तीन तास पारावर जायचे. तिथंच डबा, तिथंच वह्या उतरवून घेणं, तिथंच वरच्या वर्गातल्या मुलांकडून स्कॉलरशिपचा फॉर्म भरून घेणं. पार गेला तशा मुली स्टँडवर थांबायला लागल्या आणि मुलं समोरच्या टपरीवर. ग्रंथपाल मॅडम मला म्हणाल्या, "दुपारी पुस्तक बदलायला कुणी येत नाही, कारण दुपारी कुणी थांबतच नाही." ते वाक्य मला आजही टोचतं.

२०१७ मध्ये मी स्वतःहून गेलो आणि दुरुस्ती सुचवली. कारंज्याच्या हौदाचा तळ ब्रेकर लावून फोडला, खाली मुळांना वाट करून दिली, आत पोयटा आणि शेणखत भरून कडुनिंबाचं रोप लावलं. हौदाचा काठ अठरा इंच उंच होता, म्हणजे बसायला नेमका. त्यावर शहाबादी फरशी बसवली. झाड वाढेपर्यंत चार उन्हाळे वर हिरवी जाळी ताणली. आता तिथं पुन्हा डबे उघडतात. पण जुन्या दोन झाडांएवढी सावली व्हायला अजून वीस वर्षं लागतील.

तेव्हापासून माझी एक सवय झाली आहे. कुठलंही काम घेतलं की मे महिन्यात एक पूर्ण दिवस त्या जागेवर काढायचा. बारा, दोन आणि चार वाजता जिथं जिथं सावली पडते, तिच्या कडेनं चुन्याच्या भुकटीची फक्की मारायची. आपल्या भागात मेच्या मध्यावर भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, स्वतःची सावली पायाखाली येते. त्या वेळी भिंत काही कामाची नाही. सावली देतं ते छत किंवा झाड. फक्कीच्या आत आलेल्या जागेवर मी काही बांधत नाही, ती बसायला राखून ठेवतो. नव्या मुलांना हे सांगितलं की ती म्हणतात, सर, सॉफ्टवेअरमध्ये सावली दिसते. दिसते, पण त्या सावलीत आधीपासून कोण बसलंय ते दिसत नाही.

झाडांबद्दल थोडं. खोट्या अशोकाची रांग लावू नका. उंच जातो आणि सावली देत नाही. गुलमोहराच्या फांद्या वळवाच्या वाऱ्यात मोडतात, त्याखाली दुचाक्या आणि माणसं नकोत. कडुनिंब, करंज, चिंच, वड यांना जागा द्या. कडुनिंबाची पानझड उन्हाळ्याच्या तोंडावर उरकते आणि ऐन एप्रिल-मेमध्ये तो दाट असतो. आणि पार बांधताना बुंध्यापर्यंत कोबा ओतू नका, चार फुटांचं आळं मोकळं सोडा. गळा आवळलेली झाडं मी खूप बघितली आहेत.

छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीला भर उन्हाळ्यात एकदा जाऊन बसा. जुना वड, त्याला लागून पाण्याचा हौद, आणि काठावर निवांत बसलेली माणसं. आपल्या हवेत माणूस कशानं थांबतो, ते आपल्याकडंच समोर आहे.

मुलं कुठून चालतात ते न बघता रस्ते आखणं

पेव्हर ब्लॉकचे रस्ते काटकोनात आखले की कागदावर छान दिसतात. मुलं मात्र गेटपासून वर्गापर्यंत तिरकी जातात. मग हिरवळीवर पायवाट पडते, मग 'हिरवळीवर चालू नये' अशी पाटी, मग दंड, मग तार. बीड जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी त्या पायवाटेवर आडवी काटेरी तार ओढलेली बघितली. त्याच दिवशी एका मुलीची ओढणी तारेत अडकून फाटली. ती खाली वाकून काटा सोडवत होती आणि तोंडावर तासाची घंटा होत होती. अशी तार शाळा-कॉलेजच्या आवारात येऊच कशी शकते, याचा मला अजून राग येतो. मुलगी चुकीची चालत नव्हती. रस्ता चुकीच्या जागी होता.

माझा उपाय वेळखाऊ आहे आणि कुणालाच आवडत नाही. इमारत झाली की पहिल्या जानेवारीपर्यंत रस्ते करायचेच नाहीत. दारांपुढं आणि मुख्य वाटेवर नुसता मुरूम पसरून ठेवायचा. पावसाळ्यात काळ्या चिखलात कुणी पाय घालत नाही, त्यामुळं तेव्हा काही कळत नाही. दिवाळीनंतर जमीन वाळते आणि जानेवारीपर्यंत पायांनी मळलेल्या वाटा स्वच्छ दिसतात. रुंद वाट म्हणजे घोळक्यानं जाणारी मुलं, अरुंद वाट म्हणजे एकेकटं जाणारं माणूस. त्या वाटांचा फोटो गच्चीवरून काढायचा आणि त्याच वाटांवर फरसबंदी करायची. एका संस्थेत मला यासाठी सात महिने भांडावं लागलं. पण तिथं आजतागायत एकही पाटी लावावी लागलेली नाही.

जाता जाता, पेव्हर थेट काळ्या मातीवर टाकू नका. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. दीड-दोन फूट माती काढून मुरूम थरांनी भरा, पाणी मारा, रोलर फिरवा. हे टाळून वाचवलेले पैसे दुसऱ्या वर्षी जातातच, वर उचललेल्या ब्लॉकला ठेचकाळून मुलं पडतात ती वेगळीच.

बाकडी एका ओळीत टाकणं

आपल्याकडं बाकडी बहुधा कुणाच्या तरी स्मरणार्थ मिळतात. नाव रस्त्यावरून वाचता यावं म्हणून सगळी एका ओळीत आणि रस्त्याकडं तोंड करून मांडली जातात. देणाऱ्याच्या भावनेचा मला आदर आहे. पण पाच मैत्रिणी एका ओळीत बसून बोलू शकत नाहीत. मग त्या उभ्या राहतात आणि मुलं पार्किंगमध्ये गाड्यांवर बसतात. १९५० च्या दशकात कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातल्या एका रुग्णालयात हंफ्री ऑस्मंड हे मानसोपचारतज्ज्ञ आणि रॉबर्ट सॉमर हे मानसशास्त्रज्ञ यांनी वृद्ध स्त्रियांच्या वॉर्डात भिंतीला लावलेल्या खुर्च्या हलवून टेबलांभोवती मांडल्या. माणसं तीच होती. पण त्यांच्यातल्या गप्पा सुमारे दुप्पट झाल्या. दोन बाकडी काटकोनात ठेवा. दात्याचं नाव पाठीवर वाचता येईलच.

पश्चिमेला उघडे वर्ग

दक्षिणेचं ऊन छज्ज्यानं अडतं. पश्चिमेचं ऊन खाली उतरून तिरकं आत येतं, तिथं छज्जा पुरत नाही. दुपारच्या तासाला खिडकीकडची ओळ भिंतीकडच्या ओळीत जाऊन कोंबून बसते, पडदे ओढले जातात, फळा दिसत नाही, आणि हजेरी का घटते म्हणून बैठका होतात. पश्चिमेला जिना, भांडार, स्वच्छतागृहं टाका. तिथं वर्ग घ्यावेच लागले तर बाहेरून आठ फुटांचा व्हरांडा द्या. पश्चिमेला पूर्ण काच लावायचा हट्ट धरणाऱ्या संस्थेचं काम मी सोडून दिलेलं आहे.

व्हरांड्यावरून आठवलं. कॉरिडॉरची रुंदी कापून खोल्या वाढवणं हा फार वाईट शॉर्टकट. सहा फुटांच्या बोळातून दोन वर्ग एकाच वेळी सुटले की नुसती रेटारेटी होते. वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांनी बंगळूरच्या आयआयएमचे कॉरिडॉर मुद्दाम मोकळे, कुठं रुंद, कुठं आकाशाकडं उघडे ठेवले, कारण शिकणं वर्गाबाहेरच्या बोलण्यातही होतं. दोशींना २०१८ चा वास्तुकलेतला प्रित्झकर पुरस्कार मिळाला तेव्हा आपल्याकडं सगळ्यांनी कौतुक केलं. त्यांच्याकडून निदान दोन फूट जास्तीची रुंदी तरी घ्यावी.

कमिटीपुरता रॅम्प

हिशेब सोपा आहे, एक फूट चढायला बारा फूट लांबी. जोतं दीड फूट असेल तर अठरा फुटांचा रॅम्प लागतो. जागा नाही म्हणून सहा फुटांत बसवला तर तो चढ होतो, त्यावर चाकाची खुर्ची जात नाही. वर गुळगुळीत टाइल, टोकाला कुलूप लावलेलं चॅनल गेट, आणि किल्ली ज्याच्याकडं तो रजेवर. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं रॅम्प हा चाकाच्या खुर्चीतल्या मुलाचा हक्क आहे. ताबा देण्याआधी मी चाकाच्या खुर्चीत बसून, कुणी न ढकलता, स्वतः वर जाऊन बघतो. हात भरून आले तर रॅम्प पुन्हा करायचा.

थोडक्यात आणखी काही

वॉटर कूलर उन्हात ठेवू नका, त्याचं सांडपाणी झाडाच्या आळ्यात सोडा. मोठ्या हॉलला सगळीकडं टाइल लावू नका, आवाज घुमतो आणि मागच्या ओळीला शब्द कळत नाही. दिव्याचे खांब झाडाच्या फांद्यांपेक्षा खाली ठेवा, नाहीतर उजेड पानांवर पडतो आणि वसतिगृहातून अभ्यासिकेकडं जाणारी वाट अंधारात राहते. ती वाट रात्री नऊला तिथल्या मुलींबरोबर चालून बघा, कुठं पाय आपोआप भरभर पडतात ते कळेल. दिवा तिथं लावा.

मुलींचं स्वच्छतागृह मागच्या कोपऱ्यात ढकलणं

आराखड्यात सगळं बसल्यावर जी जागा उरते तिथं हे ढकललं जातं. इमारतीच्या मागं, मैदानाच्या तोंडाला, दार समोर. तिथं जायचं तर क्रिकेट खेळणाऱ्या मुलांसमोरून जावं लागतं. मग मुली जात नाहीत, आणि जावं लागू नये म्हणून पाणी पीत नाहीत. मानव विकास कार्यक्रमाच्या, खेड्यांतल्या मुलींना आणणाऱ्या बसनं सकाळी सातला घर सोडलेली मुलगी संध्याकाळी सहाला घरी पोचते. नांदेडकडच्या एका कॉलेजात दुपारच्या तासाला चक्कर येऊन पडणाऱ्या मुलींबद्दल प्राध्यापक मला सांगत होते, डबा खात नाहीत हो या. मी मुलींच्या बाटल्या बघितल्या. दुपारचे दोन वाजले तरी भरलेल्या, तशाच.

तिथं आम्ही जुनं स्वच्छतागृह बंद केलं आणि पहिल्या मजल्यावरची एक वर्गखोली घेतली. अर्ध्या भागात कॉमन रूम, अर्ध्यात स्वच्छतागृह, आणि आत जायचं दार कॉमन रूममधूनच. बाहेरून बघणाऱ्याला मुलगी कॉमन रूममध्ये गेली एवढंच दिसतं. एक वर्ग कमी झाला म्हणून संस्थेनं बरीच कुरकुर केली. मी हटलो नाही. पॅड टाकायला झाकणाचा डबा, पिशवी अडकवायला खुंटी, आणि कमोडजवळ नळ हे तीन मी ठेकेदाराच्या बिलात वेगळं लिहितो, नाहीतर ते राहतंच.

आणि कडी. ताबा देण्याच्या दिवशी बाकी मंडळी फीत कापायच्या तयारीत असतात, तेव्हा मी सोबत एका मॅडमना घेऊन त्या स्वच्छतागृहात जातो आणि प्रत्येक दाराची आतली कडी एकेक करून लावून बघतो. मागच्या कामात आठांपैकी तीन लागत नव्हत्या. सुताराला बोलावलं, त्या बसल्या, मग खाली गेलो.