आगळाची उधारी आणि माझी पहिली नोटीस

एलएल.बी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी कुडाळच्या एका वकील मॅडमकडे इंटर्नशिप केली. तीन वर्षांच्या कोर्सला किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या कोर्सला २० आठवडे ती करावीच लागते. बरोबरची मुलं मुंबईला गेली. इथे सातबारा आणि वाटणीचे दावे सोडून काय बघायला मिळणार, असं मला वाटलं होतं. पण मॅडमकडे दुपारनंतर यायचे ते खानावळवाले, होमस्टेवाले, काजू फोडणारे. कोणाला भाडेकरार हवा असायचा, कोणाला दुकानाची नोंदणी. दहापेक्षा कमी कामगार असतील तर तेव्हा महाराष्ट्रात नुसती सूचना द्यावी लागायची, एवढं कळलं तरी निम्मे लोक खूश होऊन जायचे.

एक काकी आल्या त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळा धंदा घेऊन. आमसुलं आणि आगळ (कोकमाचा खारवलेला रस) करायच्या. मुंबईतल्या एका दुकानदाराकडे ऐंशीएक हजार अडकले होते. दुकानदार गावचाच चाकरमानी. लिखापढी काहीच नाही. विचारलं तर म्हणाल्या, “कागद कशाक? घरचोच माणूस.”

मला तर पर्वणीच! छोट्या-मध्यम उद्योगांसाठीचा एमएसएमईडी कायदा, २००६ नुकताच वाचला होता. माल घेणाऱ्याने ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे. लेखी मुदत ठरलेली नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज. रात्री जागून नोटिशीचा मसुदा केला, व्याजाचा तक्ता जोडला.

मॅडमनी वाचला आणि एकच विचारलं, “उद्यमची तारीख काय?”

मी बघितलीच नव्हती. उद्यम म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी; काकींची शेवटचा माल गेल्यानंतरची निघाली. (ती नोंदणी फुकट असते. काकींनी एका एजंटला पंधराशे मोजले होते.) नोंदणीच्या आधी दिलेल्या मालाला या कायद्याचा फायदा मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटलेलं आहे. त्यावर पुढे वाद झाले आहेत, पण काकींच्या पैशावर प्रयोग करायची मॅडमची तयारी नव्हती. माझी अडीच पानं लाल पेनाने गेली. राहिली साधी वसुलीची नोटीस, दीड पानाची. तिच्यावर सहीही मॅडमचीच. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळेपर्यंत आपण ना सही करायची, ना पक्षकाराला परस्पर सल्ला द्यायचा. गावात कोणी “वकीलसाहेब” म्हणून हाक मारली की हे विसरायला होतं, म्हणून सांगतो.

माझं खरं काम त्यानंतर सुरू झालं. नोटीस एका तासाची, पिशवी चार दिवसांची. टेम्पोच्या पावत्या तारखेप्रमाणे लावल्या. कॅलेंडरच्या मागे काकींनी डबे मोजलेले होते, “५ लि. × १२” असे, ते पान मी फाडू दिलं नाही, पूर्ण कॅलेंडरच फाइलला लावलं. व्हॉट्सअॅपवर दुकानदाराचे “पुढच्या महिन्यात देतो” असे तीन मेसेज सापडले. उधारीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते आणि असा लेखी कबुलीजबाब पुढे फार कामाला येऊ शकतो. काकींचा मुलगा तोच फोन एक्स्चेंजला द्यायला निघाला होता! १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. मूळ फोनच गेला तर पुढे उत्तरं देता देता नाकी नऊ येतात. त्यामुळे नवीन येणाऱ्याने पक्षकाराला पहिल्या भेटीत कलम नाही, हे तीन प्रश्न विचारावेत: नोंदणी कधीची, माल कधी गेला, फोन तोच आहे का.

आणि हो, मालवणी येत नसेल तर कान उघडे ठेवा. “दिल्यानी” (दिले) आणि “देतलो” (देईल) यांतला फरक ऐकला नाहीत तर येणी चुकतात.

पैसे दोन हप्त्यांत आले, शेवटचा चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आदल्या आठवड्यात. व्याज नाही मिळालं. काकींना त्याचं फारसं वाईट वाटलं नाही, मला मात्र वाटलं.

पुढच्या मे महिन्यात त्यांच्या अंगणात गेलो तर कोकमं वाळत पडली होती आणि ओट्यावर कार्बनचं पावतीपुस्तक. त्याच चाकरमान्याचा भाचा डबे न्यायला आला होता. सही मागितल्यावर तो जरा घुटमळला. काकींनी पेन पुढे केलं. “सगळ्यांचीच घेतंय रे,” म्हणाल्या. मी पुस्तकात बघितलं, तर त्यातला पहिलाच गिऱ्हाईक तो. पावती नंबर एक.