चळवळीसाठी पोस्टर करायचंय? मग आधी हे वाचा

उपयोजित कला शिकून मास्टर्ससाठी अमेरिकेला यायच्या तयारीत असलेली मुलं मला एक प्रश्न हमखास विचारतात. पोर्टफोलिओत वर्णद्वेषाविरुद्धचं एखादं काम असेल तर वजन पडतं का? पडतं. पण काळी पार्श्वभूमी, पिवळी अक्षरं आणि मधोमध आवळलेली मूठ हे २०२० नंतर निवड करणाऱ्यांनी इतकं पाहिलंय की पान उलटायला त्यांना वेळ लागत नाही. हे काम कुणी मागितलं होतं का आणि ते कुठे लागलं, हे त्यांना बघायचं असतं.

मी मिनिआपोलिसमध्ये शिकले, आता इथंच एका लहान स्टुडिओत नोकरी करते. २५ मे २०२० ला पोलिसानं जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाला जिथं ठार केलं, तो ३८वा रस्ता आणि शिकागो अ‍ॅव्हेन्यूचा चौक याच शहरातला. त्यानंतर दुकानदारांनी काचांवर प्लायवुड ठोकलं आणि लोकांनी ते रंगवलं. ते बोर्ड कचऱ्यात जायच्या आत गोळा करून जपण्यासाठी लीसा केली या कृष्णवर्णीय तरुणीनं ‘मेमोरियलाइझ द मूव्हमेंट’ ही संस्था उभी केली. इथे आलात तर ते बोर्ड जवळून बघा. कुणाच्याही परवानगीची वाट न बघता झालेलं ते काम आहे, आणि ज्यांचं दुःख होतं त्यांच्याच वस्तीत झालेलं.

उलट उदाहरणही त्याच दिवसांतलं. २ जून २०२० ला लाखो लोकांनी इन्स्टाग्रामवर निव्वळ काळा चौकोन टाकला. हेतू चांगला होता. पण अनेकांनी त्याला ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर या वर्णद्वेषविरोधी चळवळीचा हॅशटॅग जोडला, आणि मोर्चा कुठे आहे, मदत कुठे मिळेल ही माहिती त्या चौकोनांखाली गाडली गेली. दिसायला नेटकं, कामाला अडथळा. आपल्या धंद्यातला हा धोका ओळखून असा.

मी इथे केलेल्या पहिल्या पत्रकाचं ब्रीफ, म्हणजे काय हवंय ते सांगणारी सूचना, एका वाक्याचं होतं: पावसात, चालता चालता, चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे. सांगणारी कार्यकर्ती माझ्या मावशीच्या वयाची. कागदाचा निम्मा भाग तिनं कायदेशीर मदतीच्या फोन नंबरला दिला. का, तर मोर्चात लोक तो मार्करनं हातावर लिहून घेतात; अटक झाली तर मोबाइल काढून घेतला जातो, हात काढून घेता येत नाही. संघटनेचा लोगो? ‘जागा उरली तर टाक.’ शिवाय तेच पत्रक सोमाली आणि स्पॅनिशमध्येही हवं होतं, आणि प्रत्येक भाषेतला मजकूर ती भाषा घरी बोलणाऱ्या माणसानं वाचल्याशिवाय छापायचा नाही, ही तिची अट. कॉलेजात महिनाभर ग्रिड (पानाची चौकटबद्ध आखणी) घोटूनही हे कुणी शिकवत नाही.

छपाई रिसोग्राफवर, म्हणजे स्टेन्सिलनं एकेक रंग छापणाऱ्या यंत्रावर झाली. आधी लाल, मग काळा. कागद दुसऱ्यांदा आत जाताना मिलिमीटरभर सरकतोच, म्हणून काळी रेघ जाड ठेवायची. लाल रंगाची कड तिच्याखाली झाकली जाते. शाई लगेच वाळत नाही, ताज्या गठ्ठ्यावर हात फिरवू नका. आणि फाइल ए४ किंवा ए३ मध्ये बनवू नका. इथे लेटर म्हणजे साडेआठ बाय अकरा इंच आणि टॅब्लॉइड म्हणजे अकरा बाय सतरा.

ही जाड रेघेची युक्ती नवी नाही. एमरी डग्लस हे नाव तुमच्या सिलॅबसमध्ये बहुधा नसेल, पण त्यांची कामं शोधून बघाच. सॅन फ्रान्सिस्कोत कमर्शियल आर्ट शिकलेला हा माणूस ब्लॅक पँथर पार्टी या कृष्णवर्णीयांच्या लढाऊ संघटनेचा सांस्कृतिक मंत्री होता. १९६७ पासून त्यांनी पार्टीचं वर्तमानपत्र सजवलं. पैसा कमी, म्हणून काळ्याच्या जोडीला बहुतेकदा एखादाच रंग, ठसठशीत बाह्यरेषा, तयार ठिपक्यांचे पोत. लेख न वाचणाऱ्यालाही चित्रावरून गोष्ट कळावी हा हिशेब. याच पँथरचं नाव घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, हे मराठी वाचकाला सांगायला नकोच.

इथे थोडं तिखट बोलते. अमेरिकेतल्या वर्णद्वेषावर पोस्टर करणारे आपल्याकडचे बरेच विद्यार्थी जातीचा विषय निघाला की खाली बघतात. मुलाखतीत कुणी विचारलंच तर उत्तर द्यायला जड जातं. घरचं अंगण झाडलेलं असायला हवं असं नाही, पण ते कसं आहे ते माहीत असावं.

अक्षरांची आवड असेल तर अमेरिकेतल्या मेम्फिस शहरापासून सुरुवात करा. १ फेब्रुवारी १९६८ ला दोन सफाई कामगार कचऱ्याच्या ट्रकमध्ये चिरडून मेले. पुढे संप झाला आणि कामगारांच्या हातात ‘आय अ‍ॅम अ मॅन’ एवढंच छापलेले फलक आले. चित्र नाही, रंग नाही. नुसते ठोकळेबाज काळे टाइप आणि ‘अ‍ॅम’खाली एक रेघ. शेकडो माणसांच्या हाती एकसारखा फलक असणं, डिझाइन तिथे आहे. याच फलकांवरून ट्रे सील्स या कृष्णवर्णीय डिझायनरनं ‘मार्टिन’ हा फाँट केला. त्यांची व्होकल टाइप ही फाउंड्री, म्हणजे फाँट बनवणारी कंपनी, अशाच चळवळींच्या अक्षरांवर उभी आहे. फाँट वापरायचा तर लायसन्स घ्या. चोरीच्या फाँटमध्ये न्यायाची घोषणा शोभत नाही.

डेटाकडे ओढा असणाऱ्यांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस या कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञाचे १९०० च्या पॅरिस प्रदर्शनातले तक्ते बघावेत. अटलांटा विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी कृष्णवर्णीयांची लोकसंख्या, मालमत्ता, शिक्षण हाताने रंगवून मांडलं. एका तक्त्यात लांबलचक पट्टी पानावर मावेना, तर ती सरळ गुंडाळी करून आत वळवली आहे. आजचं कुठलंही सॉफ्टवेअर असं आपणहून सुचवणार नाही.

आता रूक्ष पण गरजेचं. विद्यार्थी व्हिसावर असाल तर कुठलंही काम, अगदी बिनपैशाचंसुद्धा, घेण्याआधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला लेखी विचारा. करमुक्त धर्मादाय संस्थांना निवडणुकीतल्या उमेदवाराचा प्रचार करता येत नाही, त्यामुळे त्यांच्या पत्रकात तसं काही शिरणार नाही याची काळजी डिझायनरलाही घ्यावी लागते. मोर्चातल्या फोटोंतले चेहरे पोर्टफोलिओत जसेच्या तसे टाकू नका. मेलेल्या माणसाचं चित्र वापरणार असाल तर घरच्यांची परवानगी आहे का ते विचारा, आणि नसेल तर अक्षरांवर भागवा.

पोर्टफोलिओच्या पानावर पोस्टर छोटं ठेवलं तरी चालेल. शेजारी लिहा: कुणी मागितलं, किती प्रती छापल्या, खर्च कुणी केला, मजकूर कुणी तपासला, काय बदलायला सांगितलं. मुलाखतीत निम्मे प्रश्न त्यावरच येतात.