बँकॉकच्या वाट अरुणचा रात्रीचा लाईट अँड साऊंड शो नीट बघायचा असेल तर

थाई भाषेत वाट म्हणजे देऊळ किंवा विहार आणि अरुण म्हणजे आपलाच अरुण, सूर्याचा सारथी. नाव पहाटेचं असलं तरी हे देऊळ खरं खुलतं ते अंधार पडल्यावर, चाओ फ्राया नदीच्या पाण्यात त्याचं शिखर उजळतं तेव्हा.

पहिली गोष्ट म्हणजे तारीख. साधी रोषणाई एरवीही संध्याकाळी असते, पण संगीतासकट मोठा शो हवा असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरात जा. त्या दिवसांत थायलंडचं पर्यटन खातं विजित चाओ फ्राया नावाचा महोत्सव भरवतं, 2022 पासून, आणि नदीकाठी उभं राहून बघायला पैसे पडत नाहीत. तारखा दरवर्षी बदलतात म्हणून विमानाचं बुकिंग करायच्या आधी खात्याची घोषणा बघाच. आपल्या त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास तिकडे लॉय क्राथाँग नावाचा सण असतो, लोक केळीच्या खोडाच्या चकतीवर फुलं आणि मेणबत्ती ठेवून नदीत सोडतात, तो दिवस साधला तर फारच छान पण गर्दी तुफान असते.

आता महत्त्वाचं. थेट रात्री जाऊ नका, दुपारी चारच्या सुमारास देवळात जा. परदेशी लोकांना तिकीट 200 बाट आहे, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. मधल्या शिखराला प्रांग म्हणतात, त्याच्या अगदी जवळ जाऊन भिंत बघा. लांबून नुसती नक्षी वाटते ती जवळून चिनी मातीच्या बश्यांचे आणि वाट्यांचे तुकडे निघते, चार-पाच तुकडे गोल लावून एक फूल, मध्ये एखादा शिंपला, कुठे कुठे बशीची मूळची निळी वेलबुट्टी अजून दिसते. चिनी जहाजं डोलू नयेत म्हणून तळाशी वजनाला भरून आलेली ही भांडी असं सांगतात. थायलंडच्या दुसऱ्या रामा राजाने बांधायला घेतलेलं हे शिखर तिसऱ्या रामाच्या काळात पुरं झालं. वर कोनाड्यात ऐरावतावर बसलेला इंद्रही दिसेल, बौद्ध देवळात तो बघून मला फार आनंद झाला होता. हे सगळं दिवसा डोळ्यात भरून घेतलंत की रात्री प्रकाश पडल्यावर काय चमकतंय ते कळतं, नाहीतर नुसते रंग दिसतात.

मग साडेपाचच्या आत देवळासमोरच्या धक्क्यावरून फेरीबोटीने पलीकडच्या था तियेन धक्क्याला या, भाडं फक्त 5 बाट असतं. देऊळ नदीच्या पश्चिमेला आहे त्यामुळे था तियेनवरून सूर्य देवळाच्या बाजूला मावळतो, त्या दिवसांत साधारण पावणेसहाला. समोरच्या हॉटेलांच्या गच्चीवर बसायचं तर आधी टेबल बुक करावं लागतं, मी तर धक्क्याजवळची नागराफिरोम बाग सुचवेन, कठड्याला टेकून निवांत उभं राहता येतं. इथे एकच अडचण, लांब शेपटीच्या बोटी गेल्या की इंजिनाच्या आवाजात संगीत बुडतं. शो एका संध्याकाळी पुन्हा पुन्हा होतो, पहिला चुकला तरी घाबरू नका.

फोटो तिन्हीसांजेलाच काढा, आभाळ गडद निळं असताना, काळंकुट्ट झालं की शिखर पांढरं फटक येतं. मोबाईल कठड्यावर टेकवा, स्क्रीनवर शिखराच्या उजळ भागावर बोट ठेवा आणि ब्राइटनेस खाली ओढा, तुकड्यांची फुलं दिसायला लागतील. फ्लॅश बंदच.

परत जायला टुकटुकवाल्यांशी घासाघीस करत बसू नका, चालत दहा-एक मिनिटांवर सनाम चाय मेट्रो स्टेशन आहे, रात्री बारापर्यंत गाड्या असतात. उतरताना मान वर करून छत मात्र बघा, राजवाड्याच्या दरबारासारखं लाल-सोनेरी केलंय.