ठरलेले निर्णय पुन्हा उकरून काढणाऱ्या कनिष्ठ सहकाऱ्याशी कसे वागावे

नव्या प्रणालीसाठी पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरायचा, असे साधकबाधक चर्चेनंतर ठरलेले असते, कामही सुरू झालेले असते, आणि तरीही टीममधला एखादा नवा सहकारी कधी स्टँडअपमध्ये (रोजच्या छोट्या बैठकीत) तर कधी कोड रिव्ह्यूच्या (सहकाऱ्याचा कोड तपासतानाच्या) शेऱ्यात ‘आपण मोंगोडीबी हा दुसरा डेटाबेस का घेतला नाही?’ असे विचारत राहतो. सॉफ्टवेअरच्या टीमप्रमुखांना हा प्रसंग नवा नाही. अशा वेळी त्याला गप्प बसवणे सोपे असते. पण गप्प बसवलेला माणूस पुढे खरी अडचण दिसली तरी बोलत नाही, आणि ते टीमला अधिक महागात पडते.

निर्णय झाला तेव्हा तो टीममध्ये होता का, हे आधी पाहावे. नसल्यास त्याच्यापर्यंत निष्कर्ष तेवढा पोहोचलेला असतो, कारणे पोहोचलेली नसतात. त्यामुळे तो जे विचारतो आहे त्याला हटवादीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. कारणे जर केवळ ज्येष्ठांच्या डोक्यात असतील, तर दोष त्याचा नसून नोंद न ठेवणाऱ्यांचा आहे. सॉफ्टवेअर-रचनाकार मायकेल नायगार्ड यांनी 2011 मध्ये मांडलेली निर्णयनोंदीची पद्धत येथे उपयोगी पडते: एकदोन पानांची नोंद, आणि तीत निर्णयाची सद्यःस्थिती, पार्श्वभूमी, प्रत्यक्ष निर्णय आणि त्याचे बरेवाईट परिणाम. माझ्या मते तीत नाकारलेले पर्याय आणि ते नाकारण्याची कारणेही लिहावीत, कारण वाद पुन्हा पेटतो तो बहुधा तिथूनच. ही नोंद कोडच्या भांडारातच ठेवली, तर कोणालाही ती शोधत फिरावे लागत नाही.

नोंद वाचूनही तोच मुद्दा येत राहिला, तर त्याच्याशी एकट्याने बोलावे. चारचौघांत टोकले, की माणूस मुद्दा सोडून स्वतःची बाजू राखू लागतो. आधी त्याचे पूर्ण ऐकून घ्यावे, त्याचा आक्षेप आपल्या शब्दांत त्याला परत सांगावा आणि मग विचारावे, ‘निर्णय झाला तेव्हा आपल्याला माहीत नव्हते असे यात काय आहे?’ पुष्कळदा उत्तरातून वेगळेच काही निघते: आपले म्हणणे कोणी मनावर घेतले नाही ही खंत, किंवा आपल्या वाट्याला आलेले काम जमत नसल्याची धास्ती. डेटाबेसची चर्चा कितीही केली तरी त्यावर उपाय होत नाही.

त्याच वेळी निर्णय पुन्हा कधी उघडला जाईल, याची अट स्पष्ट करावी. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 च्या आदेश 47 मध्ये पुनर्विलोकनासाठी, म्हणजे न्यायालयाने आपलाच निकाल पुन्हा तपासण्यासाठी, जी कारणे दिली आहेत, त्यांत योग्य दक्षता घेऊनही आधी हाती न आलेला महत्त्वाचा पुरावा आणि अभिलेखावरून उघड दिसणारी चूक ही दोन आहेत. टीमसाठीही तेवढी पुरावीत. (‘अन्य पुरेसे कारण’ असेही एक कारण तिथे आहे, ते न्यायालयासाठीच राहू द्यावे.) म्हणजे नव्या चाचणीतील मोजमाप, बदललेली गरज किंवा हिशेबातील चूक त्याने अर्ध्या पानात लिहून आणली, तर त्यासाठी वेळ काढलाच पाहिजे, ‘मला अजूनही पटत नाही’ एवढ्यावर मात्र चर्चा होणार नाही. न पटलेल्या निर्णयावरही मन लावून काम करणे ही नोकरीतली रास्त अपेक्षा आहे, आणि ती त्याला आडवळणाने न सांगता सरळ सांगावी.

यानंतर मीटिंगमध्ये विषय निघालाच, तर ‘नवे काही असेल तर लिहून पाठव, गुरुवारी पाहू’ एवढे बोलून पुढे जावे आणि गुरुवारी खरोखरच पाहावे. हे टाळले, तर अट म्हणजे केवळ बहाणा आहे असे त्याला वाटेल, आणि त्यात त्याचे काही चुकणार नाही. लेखी काही न देता तो काम अडवून धरू लागला, तर मात्र प्रश्न मतभेदाचा राहत नाही. तो त्याच्या कामाच्या मूल्यमापनात, उदाहरणांसह, मांडावा.

त्याचा पुरावा खरा ठरला, तर निर्णय बदलावा, आणि जुनी नोंद न पुसता तिच्यावर ‘रद्द’ असा शेरा मारून नव्या नोंदीचा क्रमांक लिहावा. ती नवी नोंद त्यालाच लिहायला द्यावी.