कर्नल अपडेटनंतर संगणक क्रॅश होतोय? फॉरमॅट मारण्याआधी हे करा

अपडेटनंतर लिनक्स बूट होता होता अडकलं, कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकायला लागला किंवा काम चालू असताना स्क्रीन गोठली, की अनेकांचा हात थेट पेन ड्राइव्हकडे जातो. सगळं पुसायचं आणि नव्याने टाकायचं! याची गरज सहसा नसते. बहुतेक वितरणांत (म्हणजे उबंटू, फेडोरा अशा लिनक्सच्या तयार प्रकारांत) नवा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, जुन्याच्या जागी नाही, तर त्याच्या शेजारी बसतो. फेडोरा मुळातच 3 कर्नल ठेवते. उबंटू आणि डेबियनही सहसा निदान मागचा एक राखतात. म्हणजे कालपर्यंत नीट चालणारा कर्नल अजून डिस्कवरच आहे. (आर्च या वितरणात मात्र नवा आला की जुना जातो. तिथे ‘लिनक्स-एलटीएस’ हे दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या कर्नलचं पॅकेज आधीच टाकून ठेवलेलं बरं.)

1. जुन्या कर्नलवर बूट करा

संगणक रीस्टार्ट करा. कंपनीचा लोगो दिसून गेला की लगेच एस्केप दाबा. जुनं बायॉस असेल तर शिफ्ट दाबून धरा. ग्रबचा, म्हणजे कोणता कर्नल सुरू करायचा ते ठरवणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू येईल. उबंटूत एस्केप एकदाच दाबा, सारखं दाबलं तर मेनूऐवजी काळा प्रॉम्प्ट येतो. तसं झालंच तर पुन्हा रीस्टार्ट करा, बिघडलेलं काही नसतं. मेनूतल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन आधीच्या क्रमांकाचा कर्नल निवडा, ‘रिकव्हरी मोड’ लिहिलेला नको. आत गेल्यावर टर्मिनलमध्ये ‘युनेम -आर’ कमांड द्या आणि चालू कर्नलचा पूर्ण क्रमांक लिहून ठेवा.

2. दोष खरंच कर्नलचा आहे का?

ज्या कामात क्रॅश होत होता तेच काम जुन्या कर्नलवर करा. मग नव्यावर या, पुन्हा तेच. जुना दरवेळी टिकला आणि नवा दरवेळी कोसळला, तर संशय पक्का. दोन्ही कोसळत असतील तर कर्नलला उगाच बोल लावू नका. त्याच अपडेटमध्ये फर्मवेअर किंवा ग्राफिक्सचे घटकही बदललेले असू शकतात, नाहीतर रॅम खराब असेल; रॅम तपासणारा ‘मेमटेस्ट’ चालवून बघा.

ही ये-जा करताना लॉगमध्ये (संगणकाने ठेवलेल्या नोंदींत) फाइल सिस्टमच्या, म्हणजे डिस्कवरच्या फाइलींच्या मांडणीच्या, त्रुटी दिसल्या, तर प्रयोग तिथेच थांबवा आणि बॅकअप घ्या. ही भीती पोकळ नाही. डिसेंबर 2023 मध्ये 6.1.64 या कर्नलमुळे ‘ईएक्सटी4’ या फाइल सिस्टमवरचा डेटा खराब होऊ शकतो हे उघड झालं. एक बदल त्याला लागणाऱ्या दुसऱ्या बदलाशिवायच कर्नलच्या जुन्या शाखेत (आवृत्त्यांच्या मालिकेत) आणला गेला होता. डेबियनने 12.3 ही आवृत्ती रोखली आणि थेट 12.4 दिली.

आता दोन नेहमीचे चकवे. स्क्रीनवर ‘अनेबल टू माउंट रूट एफएस’ असा पॅनिक (कर्नल पुरता थांबल्याचा संदेश) आला, तर बहुधा कर्नलमध्ये बग नसतो. ‘इनिट-रॅम-एफएस’ ही बूटच्या सुरुवातीला लागणारी फाइल तयारच झालेली नसते, आणि त्याचं नेहमीचं कारण म्हणजे भरलेलं बूट पार्टिशन. फार जुने कर्नल काढून जागा करा आणि ती फाइल पुन्हा बनवा: डेबियन-उबंटूत ‘अपडेट-इनिट-रॅम-एफएस’, फेडोरात ‘ड्रॅकट’. दुसरा चकवा बाहेरच्या मॉड्यूलचा, म्हणजे कर्नलला वरून जोडलेल्या ड्रायव्हरसारख्या भागांचा: एनव्हीडिया, व्हर्च्युअलबॉक्स वगैरे. ती नव्या कर्नलसाठी बांधली गेली आहेत का, हे ‘डीकेएमएस स्टेटस’ सांगते.

3. पुरावा गोळा करा

क्रॅशनंतर लगेच जुन्या कर्नलवर आलात, तर ‘जर्नलसीटीएल -के -बी -1’ ही कमांड मागच्या, म्हणजे कोसळलेल्या बूटचा कर्नल लॉग दाखवते. शेवटून वाचत बसू नका. ‘बग’ किंवा ‘ऊप्स’ असा पहिला उल्लेख शोधा, कारण पुढच्या ओळी बहुतेक वेळा त्याचेच परिणाम असतात. त्याखाली ‘आरआयपी’च्या ओळीत कोसळलेल्या फंक्शनचं नाव असतं आणि ‘कॉल ट्रेस’मध्ये तिथवरची वाट. ‘टेंटेड’ शब्दापुढची अक्षरंही टिपून घ्या. बाहेरचं मॉड्यूल चालू होतं का ते त्यावरून कळतं.

संगणक क्षणात गोठला तर लॉग डिस्कपर्यंत पोहोचतच नाही. मग ‘सिस्टमडी’चं ‘पीस्टोर’ फोल्डर बघा किंवा स्क्रीनचा फोटो काढा. कर्नल 6.12 पासून पॅनिकच्या स्क्रीनवर क्यूआर कोड दाखवण्याची सोय आहे, पण ती वितरणाने चालू केलेली असावी लागते.

4. जुना कर्नल टिकवा

ग्रबच्या सेटिंगमध्ये ‘ग्रब डिफॉल्ट’ला ‘सेव्ह्ड’ आणि ‘ग्रब सेव्हडिफॉल्ट’ला ‘ट्रू’ करा, ‘अपडेट-ग्रब’ चालवा आणि मेनूतून जुना कर्नल एकदा निवडा. पुढे तोच लक्षात राहतो. फेडोरात हे काम ‘ग्रबी’ करते. डेबियन-उबंटूत कर्नलच्या मेटापॅकेजवर (नेहमी ताजा कर्नल ओढून आणणाऱ्या पॅकेजवर) ‘अ‍ॅप्ट-मार्क होल्ड’ लावा. होल्ड आहे तोवर सुरक्षेच्या दुरुस्त्याही येणार नाहीत, तेव्हा तो महिनोन्‌महिने ठेवू नका.

5. तक्रार नोंदवा

आधी आपल्या वितरणाच्या बग ट्रॅकरवर. ‘अपडेटनंतर क्रॅश होतो’ एवढ्याने कुणाला काही कळत नाही. कोणता क्रमांक चालतो, कोणता कोसळतो, कोणतं काम करताना, हार्डवेअर कोणतं आणि तो ट्रेस, हे सगळं द्या. ‘आधी चालत होतं, आता नाही’ हा प्रकार कर्नलच्या जगात रिग्रेशन म्हणून ओळखला जातो आणि लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स त्याबाबत अतिशय कडक आहेत. बाहेरच्या मॉड्यूलशिवाय, मूळ कर्नलच्या ताज्या आवृत्तीवरही क्रॅश झाला, तर कर्नल विकसकांकडे थेट कळवता येतं.

वेळ आणि चिकाटी असेल तर ‘गिट बायसेक्ट’ करा. चांगल्या आणि बिघडलेल्या आवृत्तीच्या मधला कर्नल बांधायचा, तपासायचा, अर्धे बदल बाद करायचे. 10,000 बदलांतून दोषी बदल साधारण 14 फेऱ्यांत सापडतो. एकाच स्थिर शाखेतल्या लागोपाठच्या दोन आवृत्त्या असतील तर बरंच लवकर. दोषी बदलाचा नेमका क्रमांक हातात आला, की तो लिहिणाऱ्याला टाळाटाळ करायला फारशी जागा उरत नाही.

दुरुस्ती आली की होल्ड काढा, नवा कर्नल टाका, पहिल्यांदा जिथे क्रॅश झाला होता तेच काम करून बघा आणि निकाल त्याच तक्रारीत लिहा.